कार्यकक्षेबाहेर

पद्मजा मगदूमच्या ॲप्रनवरचा बिल्ला पिवळा झाला, तेव्हा बाकावरची बाई नुकती कुठे बोलायला लागली होती.

"कढई मीच खाली ठेवली होती," ती म्हणाली. "फरशीवर. जरा वेळ म्हणून."

तिचा चार वर्षांचा मुलगा आत, भाजलेल्यांच्या वॉर्डात, जाळीच्या पडद्याआड झोपला होता. मिरजेच्या त्या रुग्णालयात त्याला आणून आठवडा झाला होता आणि आठवडाभर ही बाई कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. पद्मजा, तिथली समाजसेविका, तिच्या शेजारी बाकावर नुसती बसून होती. अशा वेळी घाई केली की माणूस मिटतं, एवढं तिला इतक्या वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. बाईचा धापा टाकणारा श्वास हळूहळू खाली येत होता, पद्मजाच्या श्वासाशी जुळत होता. आणि नेमका तेव्हाच बिल्ला पिवळा झाला.

पिवळा म्हणजे थांबा.

"योजनेचं कार्ड आणलंत का?" पद्मजाने विचारलं. "आज जमा करायला लागेल."

बाईने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले, पदर नीट केला आणि पिशवीत हात घातला. बिल्ला पुन्हा हिरवा झाला.

या सगळ्याचं मूळ एका साध्या शोधात होतं. दोन माणसं मनापासून बोलत असली की त्यांचे श्वास नकळत एका ठेक्यात येतात, हे पूर्वीपासून ठाऊक होतं. आई तान्ह्या पोराला छातीशी धरते तेव्हाही हेच घडतं. श्वासामागून हृदयाचे ठोके येतात, ठोक्यांमागून मेंदूतल्या लहरी. याला नाव पडलं समलय. नवं एवढंच होतं, की आता अंगाला हात न लावता ती मोजता येऊ लागली. नाण्याएवढ्या बिल्ल्यातून रेडिओलहरी निघत, समोरच्याच्या छातीवर आपटून परत येत, आणि छाती केसभर हलली तरी बिल्ल्याला कळे.

मोजणी सुरू झाली तशी दुसरी गोष्ट उघड झाली. समलय एका पातळीपलीकडे गेली की बोलणाऱ्याच्या मनात घट्ट बसलेली भीतीची आठवण सैल पडते, ओल्या मातीसारखी. त्या वेळी ऐकणारा जे बोलेल, जसं वागेल, त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. आणि मग ती तशीच वाळते. जाणत्या हातात हा उपचार होता. अजाणत्या हातात काय होतं, ते राज्याने पाहिलं होतं. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेल्या एका भामट्याने परीक्षेच्या धास्तीने खचलेल्या मुलींना 'मोकळं' करण्याचे वर्ग काढले, आणि त्यांतल्या काही मुली जिवाला मुकल्या. त्या मुलींच्या घरी पद्मजा स्वतः जाऊन बसली होती. समाजकार्य करणाऱ्यांना डॉक्टरांसारखा परवाना असावा म्हणून ती विधिमंडळाच्या समितीपुढे बोलली होती. कायदा झाला त्या दिवशी तिने आणि तिची मैत्रीण निवेदिता तळवलकरने पेढे वाटले होते.

कायद्याने तीन श्रेणी केल्या आणि प्रत्येकीची कार्यकक्षा आखून दिली. पहिलीने माहिती द्यायची, दुसरीने धीर द्यायचा, आणि जखमेला हात घालायचा तो तिसरीने. पण धीर कुठे संपतो आणि उपचार कुठे सुरू होतो, ते कागदावर ठरेना. परवाने देणाऱ्या राज्य परिषदेत वर्षभर त्याच्यावर खल झाला. मग कुणाला तरी बिल्ला सुचला. समलय साठच्या खाली असेल तर तो धीर. साठच्या वर गेली की उपचार. वाद मिटला.

पद्मजा दुसऱ्या श्रेणीत होती. तिसरीसाठी दोन वर्षं पुण्यात राहावं लागे, आणि आईच्या आजारपणात ते तिला जमलं नव्हतं.

कढईवाली बाई कार्ड देऊन वॉर्डात गेली आणि तिथे आया असलेल्या बिल्किसमावशींच्या कुशीत रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पद्मजा शेजारच्या खाटेपाशी केसपेपर बघत होती. तिने ते पाहिलं आणि तिला बरंच वाटलं. पुढच्या आठवड्यात मावशींना परिषदेची नोटीस आली. विनापरवाना उपचार.

"मी काय केलं ओ बाई?" मावशी तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या. "त्या पोरीजवळ बसलो नुसतं."

"तेवढंच केलंत, मावशी."

"मग?"

चहाडी केली होती ती तिच्याच ॲप्रनवरच्या बिल्ल्याने. त्याला फक्त तिच्यासमोरच्याचेच नव्हे, आसपासच्या सगळ्यांचेच श्वास कळत होते.

त्यानंतर आया पाणी आणून ठेवत, चादरी बदलत आणि तोंड फिरवून निघून जात. वॉर्ड शांत झाला. वॉर्डाला इतकी शिस्त कधी नव्हती, असं तपासणीला आलेले मोठे डॉक्टर म्हणाले.

घरी सन्मती होता.

पद्मजाचा हा धाकटा भाऊ कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होता. आईवडील गेल्यावर घरात ही दोघंच. सन्मती आधीचा भारी बोलका. भाकरी तव्यावर असतानाच त्याची कारखान्यातली गोष्ट सुरू व्हायची आणि ताट धुवून झालं तरी संपायची नाही. गेल्या गाळप हंगामात वाफेचा नळ फुटला आणि त्याच्या हाताखालची दोन तरुण पोरं, अभय आणि समीर, जागच्या जागी गेली. चौकशी झाली, सन्मतीवर कसलाही ठपका आला नाही. तो घरी आला आणि परसातल्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हापासून तो तिथेच होता म्हटलं तरी चालेल.

कायद्याने बहिणीला भावाशी बोलायला मनाई केली नव्हती. कुठल्याही साध्या बहिणीला. पण परवानाधारकाने आपल्या माणसावर उपचार करायचे नाहीत, असं कलम होतं. आणि काही जणांनी घरी चोरून दवाखाने थाटल्यावर परवानाधारकाने बिल्ला झोपेव्यतिरिक्त सतत अंगावर ठेवायचा, अशी दुरुस्तीही आली होती. त्यामुळे सन्मतीशेजारी जगात कुणीही बसू शकत होतं. त्यातलं ज्ञान असलेली एकटी पद्मजा बसू शकत नव्हती.

एकदाच तो आपणहून म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी..." आणि थांबला. तिने श्वास सोडला, त्याने श्वास सोडला, आणि साडीवरचा बिल्ला पिवळा झाला.

"गॅसवर दूध ठेवलंय," म्हणत ती उठली. परत आली तोवर तो भिंतीकडे वळला होता.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. त्यांनी झोप येई, दुसरं काही नाही. तिसऱ्या श्रेणीची कार्यकर्ती अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच होती आणि तिच्याकडे दिवाळीनंतरची वेळ मिळाली. श्रावणसुद्धा लागायचा होता अजून.

निवेदिता आता परिषदेची निबंधक झाली होती. ती सांगलीला दौऱ्यावर आली तेव्हा पद्मजा विश्रामगृहावर जाऊन भेटली.

"मी परवाना परत करते," ती म्हणाली. "मग तर मी नुसती बहीण राहीन ना?"

निवेदिताने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. तिच्याही पदराला बिल्ला होता. "परवाना घेता येतो परत. इतक्या वर्षांचा हात कसा परत घेऊ? साधी बहीण जवळ बसली तर समलय चाळिशीपर्यंत जाते. तू नुसती गप्प बसलीस तरी साठ ओलांडते. परवाना सोडणाऱ्यालाही पाच वर्षं कक्षेचे नियम लागू आहेत, ते त्यासाठीच."

"म्हणजे मला येतं, म्हणून मी करायचं नाही?"

"तुझा भाऊ आहे तो. उद्या तुझ्या हातून चुकलं तर? तू त्याचं ऐकत असशील की तुला हवं ते त्याच्या तोंडून वदवत असशील, हे तुला तरी कळेल? आपल्या माणसावर उपचार नकोत, हे समितीपुढे तूच सांगितलं होतंस. आणि बरोबर सांगितलं होतंस."

पद्मजाने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. सगळ्यात वाईट हेच होतं, की निवेदिताचं चुकत नव्हतं.

एका शनिवारी ती कामावरून आली तर दारातली मोटरसायकल नव्हती. सन्मती परसातच होता.

"गाडी कुठाय?"

"शेजारच्या आदिनाथला दिली."

"कशाला?"

"मला काय करायचीय आता?" तो शांतपणे म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा निवांत दिसत होता. त्याच्या मनगटावर घड्याळही नव्हतं. घरात जाऊन तिने कपाट उघडलं. त्याचे चांगले शर्ट इस्त्री करून, घड्या घालून, कुणाला तरी द्यायला पिशवीत भरून ठेवले होते.

माणूस वस्तू वाटायला लागलं आणि वर शांत झालं, की काय समजायचं, हे तिने नव्या मुलींना कितीदा शिकवलं होतं. तिने तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. तिसऱ्या श्रेणीची व्यक्ती उपलब्ध होताच संपर्क साधू, तोवर रुग्णाशी सामान्य विषयांवर बोला, असं एका गोड आवाजाने सांगितलं.

तिने फोन ठेवला, परसात आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"सन्मती, तू मरायचं ठरवलंयस का?"

त्याने मान वळवली. बिल्ला पिवळा झाला होता. त्याने बिल्ल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती उठली नाही. बिल्ला लाल झाला, त्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि मग तोही बंद पडला. सन्मती लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत, रडायला लागला. अभय डब्यात रोज लसणाची चटणी आणायचा, असं तो म्हणाला. समीरचं लग्न ठरलं होतं, असं म्हणाला. आणखी काहीतरी सांगायचं होतं, ते मात्र त्याच्या तोंडून निघेना. तिने ओढून काढलं नाही. त्या संध्याकाळी त्याने मागून घेऊन दुसरी भाकरी खाल्ली. सोमवारी दाढी केली. आठवड्याअखेरीस आदिनाथकडून गाडी परत आणली.

मग परिषदेचं बोलावणं आलं.

सुनावणीला निवेदिता मधल्या खुर्चीवर होती. "उपचाराचा परिणाम चांगला झाला, हे आम्हाला मान्य आहे," ती कागदावरून नजर न उचलता म्हणाली. "प्रश्न परिणामाचा नाही, कक्षेचा आहे." दोन वाटा होत्या. परवाना कायमचा रद्द, आणि खचलेल्या माणसासोबत एका छपराखाली राहायलाही बंदी. सन्मतीला मग शासनाच्या निवासकेंद्रात हलवतील. नाहीतर वर्षभर लयरोधक लावून घ्यायचा. पद्मजाने दुसरी वाट धरली. सन्मती घरात राहायला हवा होता.

लयरोधक वाटाण्याएवढा होता. डाव्या कानामागे तो चिकटवत आणि त्याच्या दोन बारीक तारा कातडीखाली सरकवत. तिथून श्वासाला आणि हृदयाला वेसण घालणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा जाते. समोरच्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळू लागला, की तारेतून हलकासा झटका जाई आणि श्वासाचा ताल चुके. दुखत काहीच नसे. उचकी यायची राहून जावी तसं वाटे, बस.

पण ती कामावर रुजू झाली आणि तिच्या ध्यानात आलं. ती पूर्वीसारखंच बोलत होती. शब्द तेच, आवाज तोच. समोरचं माणूस मात्र थोडं बोलून तिच्याकडे नीट बघे, आणि मग "बरं, ठीक आहे" म्हणून उठे. तिला ऐकू सगळं येत होतं, कळतही होतं. फक्त अंग ओलं होत नव्हतं. पावसाळी काचेमागे उभं राहून रस्ता बघावा तसं. काही आठवड्यांनी तिला स्वतःलाच त्याची सवय झाली, आणि सवय झाली याची भीती वाटायचीही हळूहळू बंद झाली.

तिचे आकडे मात्र निर्दोष येऊ लागले. एकदाही पिवळा नाही. परिषदेच्या वार्तापत्रात तिच्या वॉर्डाचं उदाहरण छापून आलं. खाली लिहिलं होतं, की दुसऱ्या श्रेणीच्या सर्वांना लयरोधक शिक्षा म्हणून नव्हे तर संरक्षण म्हणून देण्याचा विचार आहे. रुग्णालयांतल्या आया आणि परिचारिका पुढच्या टप्प्यात. बिल्किसमावशींनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि विचारलं, "लय दुखतंय काय ओ, बाई?"

"नाही," पद्मजा म्हणाली. "काहीच होत नाही."

तो रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. सन्मती अजून कारखान्यात जात नव्हता, पण घरातलं काहीबाही दुरुस्त करत असे. पंखा खोलून बसलेला तो अचानक थांबला.

"ताई, तुला एक सांगायचं राहिलंय."

ती समोर येऊन बसली.

"त्या दिवशी दाब बघायला वर मी जायचं होतं. माझी पाळी होती. माझा गुडघा दुखत होता. मी त्या दोघांना म्हटलं, जावा रे, बघून या." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "चौकशीत कुणी विचारलंच नाही. गुडघ्याचं काय विचारणार?"

तिच्या कानामागे बारीक झटका बसला. श्वास चुकला. ती म्हणाली, "सन्मती, त्यात तुझा दोष नाही. तुला पुढचं कसं माहीत असणार?"

शब्द बरोबर होते. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, काहीतरी शोधत असल्यासारखा. तिलाही ते दिसत होतं. पुढे व्हावं, त्याचा हात धरावा, असं तिला वाटलं, तिने धरलाही. झटका पुन्हा बसला. सन्मतीने हात हलकेच सोडवून घेतला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि उठून परसात गेला.

तुमचं. जन्मात त्याने तिला अहोजाहो केलं नव्हतं. परक्या, सरकारी बाईशी बोलावं तसा तो तिच्याशी अदबीने बोलला होता. पंखा तसाच उघडा पडला होता. तो व्यवस्थित माणूस, अर्धवट काम टाकून जात नसे.

पद्मजा न्हाणीघरात गेली. आरशात बघत तिने कानामागची वाटाण्याएवढी गाठ चाचपली. ती काढायचा अधिकार फक्त परिषदेच्या तंत्रज्ञाला होता. आपल्या हाताने काढली तर काय होतं, हेही तिने सही करताना वाचलं होतं: परवाना गेला, घर गेलं, वर खटला. आणि तिच्या जाण्यानंतर सन्मती कुठे जाणार, तेही त्यात होतं. हे सगळं एकदा मनात नीट मांडून तिने चिमटा हातात घेतला.

पहिली तार सहज आली. दुसरी आतल्या मांसाला चिकटली होती. ती ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिने बेसिन धरून ठेवलं. मानेवरून रक्ताचा ऊन ओघळ उतरला. मग अचानक तिच्या छातीत एक मोठा श्वास भरला, किती महिन्यांचा अडलेला, आणि ती तिथेच उभी राहून रडली. बाहेर टेबलावर तिचा फोन वाजायला लागला. तिने तो घेतला नाही.

सन्मती पायरीवर होता. तिची चाहूल लागली तरी त्याने मान वळवली नाही. ती शेजारी बसली तेव्हा त्याचं लक्ष तिच्या खांद्याकडे गेलं.

"ताई, रक्त येतंय तुझ्या."

"येऊ दे."

"काय केलंस हे?" त्याने गळ्यातला पंचा काढून तिच्या कानामागे दाबून धरला. "ते आता येतील ना?"

"परिषदेचे लोक सांगलीहून यायचेत. वेळ आहे." ती थांबली. "तुला फार वेळ नाही देता येणार मला, सन्मती. पण आत्ता आहे मी. तू गुडघ्याचं सांगत होतास."

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पंचा तसाच दाबून धरत तो हळू आवाजात बोलायला लागला. सकाळी जिना उतरतानाच गुडघा कसा धरला होता, तिथपासून. समीर हसून म्हणाला होता, दादा, बसा तुम्ही, आम्ही आहोत ना. अभयने डबा झाकून ठेवला होता, आल्यावर खाऊ म्हणून. मध्येच त्याचा श्वास अडकला, की ती काहीच न बोलता थांबत होती आणि तिच्या श्वासाचा माग काढत तो परत वाटेवर येत होता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग गेटची कडी वाजली.

सन्मतीने दाराकडे पाहिलं. "आले," तो म्हणाला. "नंतर सांगू?"

"नको. आत्ता सांग."

दारावरची बेल वाजली. एकदा, मग परत. कुणीतरी तिचं पूर्ण नाव मोठ्याने घेत होतं, परवाना क्रमांकासकट. पद्मजाने त्याचा मोकळा हात आपल्या मांडीवर घेतला. त्याच्या बोलण्यातली ती दोन पोरं आता बॉयलरच्या लोखंडी शिडीच्या निम्म्यावर पोचली होती, आणि तो त्यांच्या मागोमाग एकेक पायरी वर चढत होता.